दांत हाडांतून वाट कशी काढतो?

कोल्हापुरांत हल्लीं बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या दांतांवर तार दिसणें ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाहीं. राजारामपुरींतील एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यांत संध्याकाळीं गेलें, तर शाळेच्या गणवेशांतलीं चार-दोन मुलें आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेलीं आढळतात. सोबत बहुधा आई असते, क्वचित् आजी. आणि आजी असली म्हणजे तिच्या तोंडून एक प्रश्न हटकून निघतो. दांत जबड्यांत पक्का रोंवलेला. तो उपटावयाचा म्हटलें तर धडधाकट वैद्यालाही घाम फुटतो. मग शिवणाच्या सुईहून बारीक अशी ही तार त्याला जागचा हलविते कशी? आणि हलवीत असली, तर तो सैल होऊन गळून कसा पडत नाहीं?

प्रश्न भाबडा वाटतो. परंतु शरीरशास्त्रज्ञांना त्याचें उत्तर जुळवितां जुळवितां शंभराहून अधिक वर्षें लागलीं आहेत, आणि त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग, म्हणजे मूळ पेशींचा, हा तर एकविसाव्या शतकांत हातीं आला. ज्या घरांतून मुलांच्या दांतांवर दीड-दोन वर्षें व बराच पैसा खर्च होत असतो, त्या घरांत तरी हें उत्तर ठाऊक असावें. तें ठाऊक नसल्यामुळें घाई होते, आणि या कामांत घाईची किंमत दांताच्या मुळाला मोजावी लागते.

प्रथम दांत बसलेला असतो कसा, तें पाहिलें पाहिजे. भिंतींत खिळा ठोकावा तसा तो हाडांत ठोकलेला नसतो. जबड्याच्या हाडांत प्रत्येक मुळासाठीं एक खोबण असते, आणि मूळ व खोबणीची भिंत यांच्यामध्यें सर्व बाजूंनीं सुमारें ०.२ मिलिमीटर रुंदीची फट असते. ही फट रिकामी नसते. तींत चिवट तंतूंचें दाट जाळें असतें. ते तंतू एका टोकानें मुळाच्या आवरणांत व दुसऱ्या टोकानें हाडांत रुतलेले असतात. दांत जणूं या तंतूंच्या झोळींत टांगलेला असतो. तंतूंच्या मधून रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात, पाण्यासारखा द्रव खेळत असतो, आणि या सर्वांच्या आश्रयानें नाना जातींच्या पेशी नांदत असतात. या पातळ पडद्याला सोयीसाठीं दंतबंध म्हणूं. भाताच्या घांसांत बारीकसा खडा आला, तर तो तत्काळ कळतो, तें याच दंतबंधांतील मज्जातंतूंमुळें.

या पडद्याचें महत्त्व किती, तें एका अपवादावरून ठरतें. लहानपणीं दांताला जबर मार बसून कधीं कधीं हा बंध नाहींसा होतो व मूळ हाडाला थेट चिकटतें. असा दांत तारेनें कितीहि ओढला, तरी तसूभर हलत नाहीं. पडलेल्या दांताच्या जागीं हाडांत बसविलेल्या धातूच्या कृत्रिम मुळाचेंही तसेंच. त्याच्याभोंवतीं दंतबंध नसतो, म्हणून तें सरकत नाहीं. किंबहुना याच गुणाचा उपयोग करून दंतवैद्य धातूचे लहान स्क्रू हाडांत बसवितात व त्यांच्या आधारानें शेजारचे दांत हवे तिकडे ओढून घेतात. खरा दांत सरकतो तो दंतबंधांतील पेशींच्या कामामुळें. तार त्या पेशींना इशारा देण्यापुरती.

हा इशारा जोराचा असून भागत नाहीं. तो टिकाऊ असावा लागतो. ऊस दांतांनीं सोलतांना किंवा कडक भाकरी चावतांना दांतावर कित्येक किलोंचा भार येतो, पण तो क्षणभरच. फटींतील द्रव इतक्या अल्प वेळांत बाजूला सरत नाहीं; तो उशीसारखा भार झेलतो व दांत जागेवर राहतो. याच्या उलट तासन् तास टिकणारा अगदीं हलका दाब दांताला हलवूं शकतो. तार लावून दांत नुसता कलता करावयाचा असेल तर ३५ ते ६० ग्रॅम, म्हणजे एखाद्या लिंबाच्या वजनाइतका, जोर पुरतो. सबंध मुळासह तो उभाच्या उभा सरकवावयाचा असेल तर ७० ते १२० ग्रॅम लागतात. आणि हाडांत आंत दाबावयाचा असेल तर १० ते २० ग्रॅमच पुरे होतात, कारण त्या वेळीं सारा दाब मुळाच्या टोंकावरील चिमूटभर जागेवर एकवटतो. दिवसांतून निदान चार ते आठ तास जोर टिकला नाहीं तर दांत त्याची दखल घेत नाहीं, असें अनुभवास आलें आहे. रात्रभर आंगठा चोखणाऱ्या मुलाचे वरचे दांत पुढें कां येतात, आणि दिवसभर कचाकचा पेरू खाणाऱ्याचे कां येत नाहींत, याचा उलगडा येथें होतो.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. पंचगंगेच्या कांठीं राहणाऱ्यांना नदीच्या वळणाची रीत सांगावयास नको. कोल्हापुराहून नरसोबाच्या वाडीकडे जातांना ही नदी पुष्कळ वळणें घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाची दरड ती कोरते, आणि आंतल्या अंगाला गाळ आणून टाकते. एका शेतकऱ्याची जमीन तुटते, समोरच्या कांठाची वाढते. पात्राची रुंदी मात्र फारशी बदलत नाहीं, सबंध पात्रच हळूंहळूं एका अंगाला सरकतें. दांताच्या खोबणीचें अगदीं असेंच होतें. तारेनें दांत ज्या दिशेला रेटला जातो, त्या बाजूचें हाड झिजविलें जातें. ज्या बाजूहून तो दूर जातो, तेथें नवें हाड भरलें जातें. फट होती तेवढीच राहते आणि सगळी खोबण दांतासकट पुढें सरकते. दांत हाड फोडून जात नाहीं. हाडच त्याच्यापुढें विरघळतें व मागून पुन्हां उभें राहतें. आजीच्या दुसऱ्या शंकेचें उत्तर यांतच आहे.

नदीची उपमा येथवरच चालते. नदीला बुद्धि नसते व कामगार नसतात. हाडाला कामगार आहेत, आणि तेही दोन निरनिराळ्या घराण्यांतले. हाड खाणाऱ्या पेशी मोठ्या, अनेक केंद्रकांच्या असतात. त्या हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून आम्ल सोडतात, त्यानें हाडांतील चुना विरघळतो, आणि मग उरलेल्या तंतुमय भागाचा पाचक रसांनीं फडशा पाडतात. या पेशी रक्ताच्या घराण्यांतल्या; ज्या मूळ पेशींपासून रक्तांतील तांबड्या व पांढऱ्या पेशी होतात, त्यांच्याच वंशांत यांचा जन्म. हाड बांधणाऱ्या पेशींचें कुळ निराळें. त्या तंतू, चरबी, कूर्चा यांना जन्म देणाऱ्या मूळ पेशींपासून होतात. पाडणारे एका गांवचे, बांधणारे दुसऱ्या गांवचे, असा हा प्रकार आहे.

हें काम तार लागल्यावरच सुरू होतें, असेंही नाहीं. प्रौढ माणसाच्या सांगाड्यांतील सुमारें दहावा हिस्सा दरसाल मोडून नव्यानें बांधला जातो. एखाद्या जागचें हाड खाण्यास तीन आठवडे पुरतात. तोच खड्डा भरून काढण्यास मात्र तीन-चार महिने लागतात. तालमींत मेहनत करणाऱ्या मल्लाचीं हाडें भरीव होतात आणि महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्याचीं पोंचट होतात, तें या मोडण्या-बांधण्याचा हिशोब भाराप्रमाणें बदलतो म्हणून. जर्मन शल्यवैद्य युलिउस वोल्फ यानें १८९२ सालीं हा नियम ग्रंथरूपानें मांडला. दंतवैद्य तारेनें जें करतो, तें म्हणजे याच अखंड चाललेल्या कामाला दिशा लावून देणें.

दांताच्या कवचाची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. कवच घडविणाऱ्या पेशी दांत वर येण्यापूर्वींच नष्ट होतात. म्हणून कवचांत एकदां राहिलेला दोष कायमचा राहतो. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून उत्खनन केलें. तेथें तीन हजार वर्षांमागच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे व विशेषतः लहान मुलांचे पुष्कळ सांगाडे मिळाले. जॉन ल्युकाक्स व सुभाष वाळिंबे यांनीं त्या दांतांचा अभ्यास केला, आणि त्या बालकांच्या दुधाच्या दांतांवरील कवचाचे दोष नोंदले. कुपोषणाची किंवा आजाराची खूण कवच इतका काळ जपून ठेवतें. हाडाला अशी जुनी आठवण फार काळ ठेवतां येत नाहीं, कारण तें सतत नवें होत असतें. आणि त्याच्या याच विसराळूपणावर दांत सरकविण्याची सारी विद्या उभी आहे.

तशी ही युक्ति फार जुनी. रोमन ग्रंथकार सेल्सस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत असें लिहून ठेवलें कीं, दुधाचा दांत पडण्यापूर्वींच नवा दांत आडवा उगवला, तर जुना काढून टाकावा व नवा रोज बोटानें दाबून जागेवर आणावा. परंतु आंत काय घडतें याचा पत्ता कोणास नव्हता. एकोणिसाव्या शतकांतही कांहीं जण हाड ओल्या काठीसारखें वांकतें, एवढ्यावरच समाधान मानीत. १९०४ च्या सुमारास स्वीडनमधील सँडस्टेड यानें कुत्र्यांच्या दांतांना तार लावली, आणि नंतर जबड्याचे पातळ छेद घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. दाबाच्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशींची रांग लागलेली व ताणाच्या बाजूला नवें हाड भरलेलें त्याला स्पष्ट दिसलें. आणखी एक विलक्षण गोष्ट त्याच्या नजरेस आली. जेथें दाब फार होता, तेथें दंतबंधांत एकही जिवंत पेशी उरली नव्हती. तो भाग कांचेसारखा नितळ व निर्जीव झाला होता.

या कांचेसारख्या ठिपक्यांत दंतवैद्याच्या कौशल्याचें सारें मर्म आहे. दाब हलका असेल तर रक्तवाहिन्या थोड्या चिमटतात, रक्त वाहत राहतें, दोन-तीन दिवसांत हाड खाणाऱ्या पेशी खोबणीच्या भिंतीवर येऊन समोरूनच कामाला लागतात व दांत सुरळीत सरकूं लागतो. दाब जबर असेल तर रक्तवाहिन्या पार दबून जातात. रक्त नाहीं म्हणून पेशी मरतात. पेशी नाहींत म्हणून समोरून काम करणारा कोणी उरत नाहीं. मग पाठीमागच्या मगजाच्या बाजूनें हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि भिंत आंतून पोंखरीत पुढें येतात. तिकडून वाट मोकळी होईपर्यंत एक-दोन आठवडे, कधीं अधिकही, दांत ठप्प उभा असतो. दुखतो मात्र भरपूर. नंतर भिंत ढासळून तो एकदम पुढें जातो. जोर वाढविल्यानें वेग वाढत नाहीं, उलट मध्यें खोळंबा होतो, हें आडाख्यांत न बसणारें सत्य या छेदांनीं दाखविलें. व्हिएन्ना येथील ओपेनहाइम यानें १९११ सालीं माकडांवर प्रयोग करून हलक्या जोराचाच पुरस्कार केला. त्याच शहरांतील श्वार्त्स यानें १९३२ सालीं त्याला मापही दिलें: दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांतील रक्ताच्या दाबाइतकाच भार दंतबंधावर असावा. हा आंकडा पुढें काटेकोरपणें टिकला नाहीं, पण त्यामागील विचार टिकला.

जुन्या सोन्याच्या व पोलादाच्या तारांना हा विचार पाळणें कठीण जाई. घट्ट केल्या दिवशीं त्या फार ओढीत आणि दांत किंचित् हलला कीं ओढ संपे. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेंत १९६० च्या आसपास निकेल व टायटेनियम यांचा एक मिश्रधातु तयार झाला. वांकविला तरी तो आपल्या मूळ आकाराकडे सावकाश, एकसारख्या हलक्या जोरानें परततो. १९७० नंतर अँड्रिआसन यानें तो दंतवैद्यकांत आणला. हल्लीं प्रारंभीं बसविली जाणारी लवचिक तार ती हीच.

पेशींना इशारा कळतो तो कसा, हें कोडें अगदीं अलीकडचें. तार लागतांच कांहीं मिनिटांत दंतबंधांतील रक्ताचा प्रवाह बदलतो. प्रोस्टाग्लँडिन आदि रसायनें सुटतात. कांहीं तासांत पेशींच्या आंतील व्यवहार बदलूं लागतात. हाडाच्या आंत कोंडून राहिलेल्या पेशींनाही हा ताण जाणवतो. १९९७-९८ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या हातीं एक मोठी किल्ली लागली. हाड बांधणाऱ्या कुळांतील पेशी रँकल नांवाचें एक द्रव्य निर्माण करतात. त्याच्या बोलावण्यानें हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात. त्याच पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन नांवाचें दुसरें द्रव्यही निर्माण करतात. तें रँकलला अडवून धरतें. दाबाच्या बाजूला पहिल्याची सरशी होते, म्हणून हाड खाल्लें जातें. ताणाच्या बाजूला दुसऱ्याचें वर्चस्व, म्हणून हाड चढतें. पाडणाऱ्यांना बोलावणें धाडावयाचें कीं नाहीं, हें बांधणाऱ्यांच्याच घरांत ठरतें, ही या शोधांतील मौज आहे.

पण ताणाच्या बाजूला महिनोन् महिने हाड भरावयाचें, तर बांधणाऱ्या पेशींचा पुरवठा कोठून व्हावा? एक बांधणारी पेशी कांहीं आठवडे काम करते व संपते. येथें मूळ पेशी पुढें येतात. मूळ पेशी म्हणजे अशी पेशी, जी स्वतःसारखी दुसरी निर्माण करून आपली शिल्लक कायम राखते आणि गरज पडेल तेव्हां तंतूची, हाडाची किंवा मुळाच्या आवरणाची पेशी होऊं शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील संशोधकांनीं २००० सालीं दांताच्या गरांतून, २००३ सालीं गळून पडलेल्या दुधाच्या दांतांतून, आणि २००४ सालीं खुद्द दंतबंधांतून अशा पेशी वेगळ्या काढल्या. दंतबंधाच्या पेशी लोकांच्या काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या मुळांवरून खरडून घेतलेल्या होत्या. त्या उंदरांच्या शरीरांत बसविल्यावर त्यांनीं मुळाच्या आवरणासारखा थर व तंतू निर्माण केले. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक पाऊल पुढें पडलें. दांताभोंवतालच्या मूळ पेशींचा एक ठराविक वर्ग युक्तीनें नाहींसा केला, तेव्हां तारेनें होणारें दांताचें सरकणें मंदावलें. तार ओढते, पण तिच्या हांकेला ओ देणारे हे आंत बसलेले लोक नसतील तर गाडें अडतें, हें त्यावरून दिसलें.

याच पेशींच्या जोरावर चाळिशीच्या व पन्नाशीच्या माणसांचेही दांत सरकवितां येतात. प्रौढांत आरंभ सावकाश होतो इतकेंच. अट एकच, कीं हिरड्या निरोगी असाव्यात. हिरड्यांच्या रोगानें हाड आधींच खचलें असेल व पू येत असेल, त्या तोंडांत तार म्हणजे पडक्या वाड्याला नवी माडी होय.

आतां घाईविषयीं. साधारणपणें दांत महिन्याला सुमारें एक मिलिमीटर सरकतो. दाढेजवळचा एक दांत काढून तेथें सुळा मागें न्यावयाचा, तर सहा-सात मिलिमीटरांची वाट असते. त्याला निदान तितकेच महिने हवेत. आईबापांची, विशेषतः लग्न ठरत आलेल्या मुलींच्या आईबापांची, तक्रार असते कीं महिन्यांतून एकदां बोलावून वैद्य पांच मिनिटांत परत कां पाठवितो. दर आठवड्याला कां आंवळीत नाहीं? कारण हाडाला भरून येण्यास सवड हवी. शिवाय मुळालाही. मुळावरचें आवरण हाडापेक्षां चिवट असतें, हाड खाणाऱ्या पेशी त्याला सहसा शिवत नाहींत. म्हणूनच तर हाड विरघळतें व दांत शाबूत राहतो. परंतु दाब जबर झाला, दीर्घ काळ टिकला, कीं ती मर्यादा सुटते व मुळाचें टोंकही झिजूं लागतें. लहान खांचे आवरणाच्या पेशी बुजवून टाकतात. पण टोंकाकडून आंखूड झालेलें मूळ पुन्हां लांब होत नाहीं. थोडीबहुत झीज बहुतेकांच्या मुळांना होते, ती उपद्रवी नसते. कांहींना ती फार होते. म्हणून मधून मधून क्ष-किरणांनीं पाहणी करतात, आणि झीज दिसली तर तार कांहीं महिने स्वस्थ ठेवतात. अशा वेळीं वैद्य काम लांबवितो म्हणून त्याच्याशीं वाद घालणें शहाणपणाचें नाहीं.

वेग वाढविण्याचे उपाय निघाले नाहींत असें नाहीं. तोंडांत कंप देणारीं यंत्रें विकलीं गेलीं. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत त्यांचा म्हणण्यासारखा लाभ दिसून आला नाहीं. हाडाला मुद्दाम बारीक छेद देण्याच्या शस्त्रक्रियेमागें मात्र तत्त्व आहे. जखम झालेल्या भागांत हाडाची मोडतोड व बांधणी कांहीं काळ जलद चालते, हें अमेरिकन शल्यवैद्य हॅरल्ड फ्रॉस्ट यानें १९८३ सालीं सांगितलें होतें. परंतु हा वेग कांहीं महिन्यांत ओसरतो, आणि त्यासाठीं शस्त्रक्रिया सोसावी लागते. दोन महिन्यांच्या बचतीसाठीं ती करावी काय, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

औषधांचाही संबंध येतो. दांत आंवळल्यावर दोन-तीन दिवस ठणकतो. ठणक थांबविणाऱ्या कांहीं गोळ्या, आयबुप्रोफेन वगैरे, प्रोस्टाग्लँडिनच बंद पाडतात. एखाद-दुसऱ्या गोळीनें बिघडत नाहीं, पण रोज घेतल्यास दांताचें सरकणें मंद होण्याचा संभव असतो. म्हणून पुष्कळ वैद्य पॅरासिटामॉल देतात. याहून महत्त्वाची गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांची. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून उतारवयांत ज्या गोळ्या किंवा इंजेक्शनें देतात, तीं हाड खाणाऱ्या पेशींनाच लगाम घालतात. अशा माणसाचा दांत सरकविणें जड जातें, आणि दांत काढल्यास जबड्याची जखम भरून न येण्याचा धोकाही असतो. दंतवैद्याच्या खुर्चीवर बसण्यापूर्वीं या औषधांची चिठ्ठी त्याला दाखविलीच पाहिजे.

ही विद्या पश्चिम महाराष्ट्रांत उशीरा पोंचली. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें. आज खुद्द कोल्हापूर जिल्ह्यांत, नवे पारगांव येथें, दंत महाविद्यालय आहे. मूळ पेशींचा अभ्यासही दूर राहिलेला नाहीं. पुण्यास विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आहे, आणि कोल्हापुरांतील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठांतही या विषयाचा विभाग आहे. परंतु प्रयोगशाळेच्या पुढें बाजार धांवतो. दुधाचे दांत पूर्वीं कोणी कौलांवर टाकीत, कोणी तुळशींत पुरीत. आतां ते अतिशीत पेटींत जपून ठेवा, पुढें मुलाच्या कोणत्याहि रोगावर त्यांतील मूळ पेशी उपयोगी पडतील, असें सांगून पैसे मागणारे भेटतात. दुधाच्या दांतांत मूळ पेशी असतात, हें खरें. त्यांपासून कोणताहि रोग बरा होईल, हें सिद्ध झालेलें नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यापारी साठवणुकीस परवानगी दिली ती फक्त नाळेंतील रक्ताच्या. दांतांसकट इतर सर्व जिनसांची साठवण त्यांनीं अमान्य केली. मुलाच्या पुढील आयुष्याची भीति घालून घरांतून पैसा काढणें, हें वैद्यकाच्या नांवाखालीं चालावें याचा खेद वाटतो.

अखेरची पायरी सर्वांत दुर्लक्षित. तार निघाली, आरशांत दांत सरळ दिसले, फोटो काढून झाले, म्हणजे काम संपलें अशी समजूत होते. पण त्या दिवशीं हाड अजून कच्चें असतें आणि दांत किंचित् डुगडुगत असतात. दंतबंधाचे तंतू नव्या जागीं नीट गुंफले जाण्यास तीन-चार महिने जातात. हिरडीचे तंतू त्याहून हट्टी. नॉर्वेचा संशोधक काॅरे रायटन यानें दांत फिरविलेल्या कुत्र्यांची तपासणी केली, तेव्हां हिरडींतील तंतू २३२ दिवसांनंतरही ताणलेलेच आढळले. ताणलेला तंतु दांताला मागें ओढणारच. म्हणून तार काढल्यावर रिटेनर नांवाची पट्टी देतात. पहिले कांहीं महिने ती जेवण्याखेरीज सारा दिवस, आणि पुढें रात्रींपुरती, कित्येक वर्षें वापरावयाची असते. तार नसलेल्यांचेही खालचे पुढचे दांत वयाबरोबर दाटत जातात, तेव्हां वर्षें मोजण्यांत अर्थ नाहीं. पट्टी काढली कीं डबींत ठेवावी. कागदाच्या रुमालांत गुंडाळून ताटाशेजारीं ठेवलेली ती हमखास उष्ट्याबरोबर फेंकली जाते. आणि नवी करून येईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत पुढचे दांत आपल्या जुन्या जागेच्या वाटेला लागलेले असतात.